नावाच्या जागी क्ष

परवा सकाळी भाकरी थापता थापता सुनेनं सांगितलं, तारीख वाढली म्हणून. तिचे हात पिठात होते, फोन फळीवर उभा केलेला, त्यावरच बातमी आली होती. कसली तारीख, कुणी वाढवली, का वाढवली, मी काही विचारलं नाही. पाटावर बसल्या बसल्या मला एवढं हलकं वाटलं, की मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

आमच्या घरात हा नवा हंगाम आलाय. पंचांगात तो नाही. दिवाळीचे कंदील उतरले की तो सुरू होतो आणि शिवरात्रीला ऊन चटका द्यायला लागलं की संपतो. बाहेर बाजारात शेंगांचे ढीग लागतात, मग हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या येतात, मग ऊस आणि बोरं. आणि घरात माझी सून नंदिनी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसते. कुठल्या तरी कॉलेजात परिषद असते, कुठल्या तरी नियतकालिकाला लेख पाठवायचा असतो. शोधनिबंध म्हणते ती. आधी त्याचा सारांश पाठवायचा. तो पसंत पडला तर अख्खा निबंध पाठवायचा. मग ते लोक तपासणार, दुरुस्त्या सांगणार, दुरुस्त करून परत पाठवायचा. मुलगी दाखवण्यासारखंच आहे सगळं. आधी फोटो, मग पत्रिका, मग पोहे, आणि शेवटी 'कळवतो'. ते कळवतो म्हणतात आणि आपण दाराकडं बघत बसायचं.

मी शिकलो पाचवीपर्यंत. हुबळीच्या कमरीपेठेत आमची पिठाची गिरणी होती, मागं दोन खोल्या. जोंधळा, गहू, मिरची, सगळं दळून दिलं. मिरचीच्या दिवशी गल्लीत शिंका सुरू झाल्या की लोक समजायचे, आज परशरामची गिरणी लाल आहे. मला निबंधातलं काही कळत नाही आणि कळतं असं दाखवायची हौसही नाही. पण गेल्या वर्षीचा हंगाम मला सोडत नाही. यंदा त्या तारखा पुन्हा यायला लागल्या, नंदिनीच्या बोटांची टकटक पुन्हा सुरू झाली, आणि सगळं परत नाकातोंडात आलं.

अंबक्का, माझी बायको, गेल्या वर्षी गणपती उठले त्याच्या मागोमाग गेली. यंदा वर्षश्राद्ध झालं. लोक म्हणतात वर्ष झालं की दुःख सैल होतं. होत नाही. सवय होते. सकाळी उठून दोन कप काढायचो, आता एकच काढतो, एवढाच फरक.

तिनं मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. अहो पण म्हणायची नाही. कन्नड बायका म्हणतात तसं 'री' म्हणायची. 'री' म्हटलं की मी. अख्ख्या कमरीपेठेत किती तरी बायका आपापल्या नवऱ्यांना री म्हणतात, पण तिचं री मला गिरणीच्या घरघरीतनं ऐकू यायचं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणजे नाही. गॅसवाला दारात येऊन विचारायचा, सिलेंडर कुणाच्या नावावर आहे. ही सांगायची, हातात कुऱ्हाड घेतलेला देव. तो पोरगा वैतागायचा, बेग हेळ्री अज्जी, लवकर सांगा की, म्हणायचा. ही आणखी एक खूण द्यायची. शेवटी शेजारीण खिडकीतनं ओरडून सांगायची, परशराम. तेव्हा ही मान डोलवायची, जणू तिलाच आत्ता कळलं.

नाव घ्यायची एकच वाट होती, उखाणा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या लग्नात. उखाण्यात नाव घेतलं तर चालतं. आणि त्यात अंबक्काचा हात धरणारी आमच्या भागात कुणी नव्हती. अर्धा मराठी, अर्धा कन्नड, तिथल्या तिथं रचायची. कन्नड बायकांत याला ओडपु म्हणतात, त्यांच्यात बसली की त्यांचा ओडपु, आमच्यात बसली की आमचा उखाणा, आणि दोन्हीकडच्या मिळून बसल्या की खिचडी.

नंदिनीनं पीएचडीला हेच धरलं. हुबळी-धारवाडच्या मराठी बायका नाव कसं घेतात. मला पहिल्यांदा हसू आलं. एवढं शिकून हे? पण तिला मी तसं बोललो नाही, कारण ते ऐकून अंबक्काचा चेहरा असा झाला होता की कुणी तिला घोड्यावर बसवलंय. त्या थंडीत, म्हणजे तिच्या शेवटच्या थंडीत, दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शेंगा फोडत बसायच्या. नंदिनी आपला फोन एका रिकाम्या पातेल्यात ठेवायची, आवाज चांगला येतो म्हणून. मी पाणी प्यायला आत गेलो की अंबक्का गप्प.

"बाहेर जावा की री. तुमच्या तोंडावर कसं घेऊ?"

लग्नात पंगतीत, चारचौघांत माझ्या तोंडावर घेतलंच होतं की. पण त्या दिवसांत तिला नवी नवरी व्हायचं होतं, होऊ दिली. मी आपला परत गिरणीत. त्यामुळं तिनं काय काय म्हटलं ते मला माहीत नव्हतं. फोनमध्ये गेलं आणि तिथंच राहिलं.

नंदिनी विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवते. गेस्ट म्हणून. दरवर्षी नव्यानं पाहुणी. उन्हाळ्यात नोकरी जाते, पाऊस लागला की परत बोलावतात, किंवा बोलावत नाहीत. पीएचडी झाली तर कायम करू असं त्यांनी म्हटलं होतं. पण प्रबंध देण्याआधी त्यातला एक निबंध चांगल्या नियतकालिकानं स्वीकारलेला हवा, असं तिच्या गाइडचं म्हणणं. आणि प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झालेली, परत वाढणार नव्हती. म्हणजे त्या एका निबंधावर तिची सगळी वर्षं टांगलेली. एवढं मला माझ्या मुलानं, महेशनं, समजावून सांगितलं, आणि तेवढं मला समजलं.

आता त्या लोकांचा एक नियम ऐका. निबंध तपासणाऱ्याला, लिहिणारा कोण ते कळू द्यायचं नाही. लिहिणाऱ्यालाही, तपासणारा कोण ते कळत नाही. मध्ये अंतरपाट धरलेला. हा नियम मला पटला. ओळखपाळख नको, नुसतं काम बघा. पण म्हणून निबंधात लिहिणाऱ्याचं नाव, घरच्यांची नावं, गल्लीचं नाव, ओळख पटेल असं काहीसुद्धा ठेवायचं नाही. नंदिनीनं आधी सरळ लिहिलं होतं, माझ्या सासूबाई अंबक्का, कमरीपेठ. ते काढलं. त्या जागी लिहिलं, एका जुन्या पेठेतल्या गृहिणी. त्या निबंधातले उखाणे सगळे अंबक्काचेच होते.

श्रावणात निबंध पाठवायचा होता आणि श्रावणातच अंबक्का दवाखान्यात पडली. नंदिनी सगळा दिवस तिच्या उशाशी. शेवटचा हात महेशनं फिरवला. तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, त्याला पावत्या ठाऊक, निबंध कुठला ठाऊक असणार. नंदिनीनं दवाखान्यातनं फोनवर सांगितलं, घरच्यांचं एकही नाव राहू देऊ नका. त्यानं कॉम्प्युटरला हुकूम दिला, जिथं जिथं परशराम दिसेल तिथं तिथं क्ष घाल. कॉम्प्युटरनं घातलं. आणि निबंध गेला.

दिवाळीनंतर उत्तर आलं. घरात दिवा लावला नव्हता, फराळ केला नव्हता. मी बंद गिरणीच्या पायरीवर ऊन खात बसलो होतो. ती गेली आणि मी पट्टा उतरवून ठेवला होता, दळायला कुणासाठी जायचं. नंदिनी फोन घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवरच बसली. दोघा तपासनिसांपैकी एकानं बरं लिहिलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, की लेखिका म्हणते या उखाण्यांचं यमक नवऱ्याच्या नावावर येऊन पडतं, पण दिलेल्या एकाही उदाहरणात यमक नाही. ही उदाहरणं खरोखर बायकांकडून गोळा केलेली आहेत का, याचीच शंका येते. तेव्हा दुरुस्ती करून ठरलेल्या मुदतीत परत पाठवावं, नाही तर विचार होणार नाही.

तिला आधी काही समजेना. मग तिनं आत जाऊन कागद आणला आणि उखाणा वाचला.

गिरणीचा पट्टा फिरतो, अंगाला फुटतो घाम,
पिठानं पांढरे होऊन घरी येतात क्ष.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. खालचा वाचला, जोळद रोट्टीचा, म्हणजे जोंधळ्याच्या भाकरीचा.

जोळद रोट्टीवर तूप वाढते, संपलं दिवसाचं काम,
ताटावर बसून डुलक्या काढतात आमचे क्ष.

अंबक्का गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. त्या पायरीवर आम्ही दोघं एवढं हसलो की समोरचा बसण्णा, ज्याचं चहाचं दुकान आहे, तो फडकं खांद्यावर टाकून बघायला आला. हसता हसता नंदिनी रडायला लागली, आणि मला काय करायचं ते कळेना म्हणून मी बसण्णाला चहा सांगितला. त्याला सगळी गोष्ट सांगावी लागली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं सुरू केलं. मी दिसलो की ओरडायचा, "येनपा क्ष, चा कुडितीयेन?" चहा घेणार का क्ष. माझ्या वयाचा माणूस, त्याला काय बोलणार. आणि खरं सांगू का, बरं वाटायचं. तोंड पाडून येणारे जाणारे पुष्कळ होते, चेष्टा करणारा तो एकटाच होता.

पण पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. निबंधात खरं नाव घालता येत नाही, अंतरपाट अजून धरलेला. क्ष ठेवता येत नाही, यमक मोडतं. मग काय करायचं? नंदिनी म्हणाली, संशोधनात अशा वेळी बदललेलं नाव घालतात, तशी रीत आहे. परशरामच्या जागी सखाराम. यमक बसतं, ओळख पटत नाही, खाली टीप द्यायची की नाव बदललं आहे. सोपं काम.

मी ताटावरनं उठलो.

अंबक्कानं सखारामाचं नाव घ्यायचं? कोण हा सखाराम? जिनं जन्मभर उखाण्याशिवाय स्वतःच्या नवऱ्याचं नाव जिभेवर येऊ दिलं नाही, तिच्या तोंडात मेल्यावर परका पुरुष घालायचा, आणि तो छापून वाचनालयात ठेवायचा? हे मी सगळं बोललो. मोठ्यानं बोललो. महेश मध्ये पडला, त्यालाही बोललो. नंदिनी शांत होती. तिनं एकदाच म्हटलं,

"अप्पा, ते फक्त नाव आहे."

"फक्त नाव असतं तर तुझी सासू जन्मभर गप्प बसली असती का?"

तिनं कॉम्प्युटर मिटला, ताटं उचलली आणि घासायला बसली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं होतं ती माझ्या मागं लागेल, किंवा मला न विचारता पाठवून टाकेल, मला काय कळणार होतं. तिनं दोन्ही केलं नाही. कॉम्प्युटर फळीवर पडून राहिला. टकटक बंद. ती कॉलेजला जायची, यायची, भाकरी करायची. घर असं थंड पडलं, की मला गिरणीचा पट्टा चढवून नुसतीच रिकामी फिरवावी असं वाटायचं. महेश एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, अप्पा, तिचं सगळं जाईल हो. बस, एवढंच. तो फार बोलणारा नव्हे, माझ्यावर गेला नाही.

मी काय चुकीचं बोललो होतो? अजूनही मला वाटतं, काही चुकीचं बोललो नव्हतो. पण बरोबर बोलून माणूस सुखानं झोपतो असं काही नाही. ती पोरगी सासूच्या उशाशी बसून होती, तिचं गू-मूत काढलं होतं, आणि माझ्या एका शब्दाखातर आपली वर्षं पाण्यात सोडायला निघाली होती. हे मला दिसत होतं. आणि सखाराम माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

अशातच एळ्ळ अमावास्या आली. आमच्याकडं त्या दिवशी शेतात जातात, सगळ्या पिकाभोवती फिरून अन्न शिंपडतात, आणि बांधावर बसून जेवतात. आम्हाला शेत नाही, दरवर्षी बसण्णाच्या शेतावर जायचो, अलनावरच्या रस्त्याला. सुतक असल्यासारखा मी घरीच बसणार होतो, पण बसण्णानं मला हाताला धरून गाडीत घातलं. जोंधळा कमरेएवढा आलेला, वाऱ्यावर सळसळत होता. बायकांनी शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या, कडबू, सगळं आणलेलं. शेताच्या कोपऱ्यावर एक लहान मारुतीचं देऊळ आहे, तिथं आधी पूजा करायची. अंबक्का दरवर्षी तिथं माझ्या नावानं अभिषेक करायची. मी बाहेर चपला सांभाळत उभा.

या वेळी मी आत गेलो. पुजारी म्हातारा, डोळ्यांनी अधू, बसण्णानं त्याला सांगितलं, हा अंबक्काचा नवरा. त्यानं हातात पाणी घेऊन विचारलं, "यार हेसरल्ली?" कुणाच्या नावानं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, आत्माराम, हौदल्ल? होय ना? अंबक्का दरवर्षी हेच नाव सांगायची, म्हणाला, स्पष्ट, ठणठणीत.

मी तसाच उभा राहिलो.

आत्माराम म्हणजे मीच. राशीवरनं आलेलं माझं जन्मनाव. पाळण्यात घातलं तेव्हा भटजीनं काढलं, पत्रिकेत लिहिलं, लग्नात संकल्पाला एकदा म्हटलं, आणि मग त्या नावाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मला आत्माराम म्हणून कुणी ओळखत नाही. महेशला माहीत नाही. पण अंबक्का ते दरवर्षी घ्यायची. हाकेचं नाव घ्यायचं नाही, हा तिचा नेम. हे हाकेचं नव्हतं, देवाच्या दारातलं होतं. उखाणा नको, खूण नको, पदर तोंडावर नको. मी बाहेर चपला सांभाळत होतो आणि आत ती मला सरळ नावानं घेत होती.

मी पुजाऱ्याला म्हटलं, हौद. आत्माराम. घाला पाणी.

त्या दिवशी बांधावर बसून मी पोटभर जेवलो. बसण्णा म्हणाला, क्षला भूक लागली बघा. मी त्याला आणखी एक होळगी वाढायला सांगितली.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नंदिनी लसूण सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सखाराम काढ आणि आत्माराम घाल. तिनं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, मीच. मग मी बसलो आणि सगळं सांगितलं, देवळातलं. तिच्या हातातला लसूण तसाच राहिला. महेश आतनं आला, म्हणाला, अप्पा, तुमचं नाव आत्माराम आहे? त्याच्या तोंडावर असा भाव, की बापानं दुसरं घर केलंय. नंदिनी हसली. उठली, हात धुतले आणि फळीवरनं कॉम्प्युटर काढला. टकटक सुरू झाली. माझ्या कानाला ती पावसासारखी लागली नाही की संगीतासारखी लागली नाही, गिरणीसारखी लागली. चालू गिरणीसारखी.

निबंध मुदतीत गेला. संक्रांत होऊन गेल्यावर स्वीकारल्याचं कळलं. नंदिनी कॉलेजातनं ऑटो करून आली, जी एरवी सिटी बसला तासभर उभी राहते. छापताना आता खरी नावं घालता येतील, असं संपादकांनी लिहिलं होतं. अंतरपाट निघाला. तिनं मला विचारलं, काय घालू? मी म्हटलं, आता परशराम घाल, आणि तिचं नाव घाल, अंबक्का, कमरीपेठ. प्रबंधही वेळेत गेला. त्याच्या जाडजूड प्रती बांधून आल्या त्या तिनं धारवाडला नेताना मांडीवर घेतल्या होत्या, बाळंतीण बाळ घेते तशा. त्या आठवड्यात मी कितीतरी दिवसांनी आडवा झाल्या झाल्या झोपलो.

मग शिवरात्रीच्या आसपास धारवाडला परिषद भरली. तिथं तिला निबंध वाचायला बोलावलं. मी येतो म्हटलं. तिला नको म्हणता आलं नाही.

मोठा हॉल, पंखे, गळ्यात पट्ट्या अडकवलेली माणसं. मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो. बरेच जण वाचून गेले. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण टाळ्या सगळ्यांना वाजवल्या. मग नंदिनी उभी राहिली. एक गोष्ट मला तिनं सांगितली नव्हती. ती उखाणे वाचणार नव्हती, ऐकवणार होती.

त्या आवाजाला मी भ्यालो होतो. घरी नंदिनी फोन लावून लिहायला बसली की मी चप्पल घालून बसण्णाकडं जायचो. इथं उठायला जागा नव्हती, दोन्ही बाजूंना माणसं. आणि दोन मोठ्या पेट्यांतनं अंबक्का बोलायला लागली. शेंग फुटल्याचा कटकन आवाज आला. मग ती खाकरली. मग उखाणा, आणि शेवटी, जरा थांबून, खालच्या पट्टीत, माझं नाव. तिच्या आवाजामागं सारखी घरघर चालली होती. बाजूच्या माणसाला वाटलं मशीनमध्ये बिघाड आहे. मी त्याला सांगितलं, बिघाड नाही, ती गिरणी आहे. माझी.

मला काही झालं नाही. मला वाटलं होतं, ऐकलं तर मी तिथंच कोसळेन. तसलं काही झालं नाही. ती होती तशीच होती. डुलक्यांचा उखाणा आला तेव्हा अख्खा हॉल हसला, आणि मी बघितलं, लोक तिच्याबरोबर हसत होते. मीही हसलो.

सगळ्यात शेवटी नंदिनी म्हणाली, आणखी एक उखाणा आहे, त्याचा आवाज माझ्याकडं नाही, पण मी तिथं उभी होते. आणि तिनं दवाखान्यातली ती दुपार सांगितली. नर्स कागद घेऊन आली होती, तिनं विचारलं होतं, गंडन हेसर? नवऱ्याचं नाव. मी उशाशी बसलेला, मी सांगणार, तर अंबक्कानं मला हातानं थांबवलं. तिला धाप लागत होती. नर्स म्हणाली होती, अज्जी, नुसतं नाव साकु, पुरे. पण नुसतं नाव तिला कुठं घेता येत होतं? तिनं दम खात खात पुरं केलं. त्यानंतर ती फार बोललीच नाही.

हे निबंधात आहे, ते मला ठाऊक नव्हतं. नंदिनीनं वाचलं,

बाटलीतनं थेंब गळतो, मनात म्हणते राम,
घरी न्यायला बसलेत उशाशी

आणि थांबली.

लोकांना वाटलं तिचा गळा दाटला. अध्यक्षांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. मला माहीत होतं ते काय आहे. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आमच्या घरात तसं तिला कुणी बजावलं नव्हतं, पण सासूचं बघून तिनंही कधी घेतलं नव्हतं. कागदावर कितीदा लिहिलं असेल, लिहिताना काही वाटत नाही. जिभेवर आणायची वेळ आली आणि समोर मी बसलेलो. ती खाली मान घालून उभी. एवढे शिकलेले लोक, एवढ्या वर्षांची मेहनत, आणि एका नावाशी येऊन सगळं अडलं.

मी उठून उभा राहिलो.

"घे गं बाई. घे नाव. मी काही म्हणत नाही."

माझा आवाज हॉलभर गेला. सगळ्या माना मागं वळल्या. नंदिनीनं माझ्याकडं बघितलं, पदर सारखा केला, आणि ती ओळ पहिल्यापासून पुरी म्हटली. घरी न्यायला बसलेत उशाशी परशराम.

अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, हे गृहस्थ कोण?

"हेच ते," नंदिनी म्हणाली.

आधी कुणी तरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. काय करायचं ते मला कळेना. मी टोपी काढली, सगळ्यांना हात जोडले आणि खाली बसलो. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. शेजारचा माणूस मला पाणी देऊ लागला. मी म्हटलं, नको, मी बरा आहे. आणि खरंच बरा होतो.